मॉर्मन मिशनरीची शेवटची बदली

अमेरिकेत काही वर्षं काढलेल्या मराठी घरांना ही जोडी चांगली ओळखीची असते. दारावरची बेल वाजते. बाहेर पांढरा शर्ट, टाय आणि खिशावर काळा बिल्ला लावलेली एकोणीस-वीस वर्षांची दोन मुलं. बोलणं कमालीचं नम्र. चहा घेणार का विचारलं तर नको म्हणतात, कारण चहा, कॉफी, दारू, तंबाखू हे सगळं त्यांना वर्ज्य. पाणी मात्र आनंदाने पितात. अंगणातलं गवत कापून देऊ का, घर बदलताय तर सामान उचलायला येऊ का, असंही विचारतात. आपण ‘बरं, बघू’ म्हणतो आणि दार लावतो.

अशा जोड्या पेरूत, घानात, फिलिपिन्समध्ये, जपानमध्येही फिरत असतात. २०२४ च्या अखेरीस जगभरात असे सुमारे ७४ हजार मॉर्मन मिशनरी होते. यातल्या प्रत्येकाला घरी कधी जायचं ते पहिल्यापासून माहीत असतं. तो दिवस सहा आठवड्यांवर आला की त्याच्याकडून काय अपेक्षा असते, त्याला काय करू दिलं जातं आणि काय नाही, हे बघितलं की हा सगळा खटाटोप मुळात कोणासाठी चाललाय ते हळूहळू लक्षात यायला लागतं. माझ्या मते तो दार उघडणाऱ्यापेक्षा दार वाजवणाऱ्यासाठी जास्त आहे.

थोडी पार्श्वभूमी आधी सांगतो. या चर्चचं अधिकृत नाव लांबलचक आहे: ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने ते स्थापन केलं. आज मुख्यालय यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. बायबलच्या जोडीला हे लोक ‘बुक ऑफ मॉर्मन’ हाही धर्मग्रंथ मानतात, त्यावरून बाहेरच्यांनी त्यांना मॉर्मन म्हणायला सुरुवात केली. २०१८ मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी हे टोपणनाव सोडून पूर्ण नाव वापरा, असा आग्रह धरला. इथे मी सोयीसाठी मॉर्मनच म्हणतोय.

बाहेरदेशी माणसं पाठवण्याची यांची सवय जुनी. १८३७ मध्ये पहिली तुकडी इंग्लंडला गेली. १८५१ मध्ये ते कोलकात्याला पोचले, आणि १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा मिशनरी मुंबईत उतरला. तो पुढे पुण्यालाही गेला. लष्करी छावणीतल्या गोऱ्यांमध्ये प्रचार करायचा त्याचा बेत अधिकाऱ्यांना मुळीच रुचला नाही, तरी मोजक्या लोकांना घेऊन त्याने पुण्यात एक छोटी शाखा काढली. ती फार टिकली नाही. ते दशक संपायच्या आत हे सगळे मिशनरी भारतातून परत गेले होते. पुण्याच्या इतिहासात इतक्या गोष्टी नोंदल्या जातात, ही मात्र फारशी कोणाला माहीत नसते.

तेव्हाचे मिशनरी बायकामुलं मागे ठेवून निघालेले प्रौढ पुरुष असत. आता हे काम मुख्यतः तरुणांचं आहे. २०१२ मध्ये मुलांसाठी किमान वय १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ केलं गेलं. २०२५ च्या शेवटी मुलींसाठीही १८ झालं. मुलं दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. कुठे जायचं हे मुलगा ठरवत नाही. तो अर्ज करतो आणि सॉल्ट लेक सिटीहून पत्र येतं: अमुक देश, अमुक मिशन, अमुक भाषा. पगार शून्य. उलट अमेरिकेसारख्या देशांतल्या मिशनरीने, म्हणजे त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी, महिन्याला ५०० डॉलर भरायचे. २०२० पर्यंत ही रक्कम ४०० होती. टोकियोसारख्या महागड्या शहरात जा किंवा बोलिव्हियातल्या खेड्यात, हप्ता तोच. अनेक मुलं शाळेत असल्यापासून सुट्टीत कामं करून हे पैसे साठवतात.

आपल्याकडे घर सोडून वाहून घेतलेला पूर्णवेळ कार्यकर्ता असतो, तसं काहीसं हे. पण त्या कार्यकर्त्याला परतीची तारीख नसते आणि याला ती पहिल्या दिवसापासून असते. मिशनमधल्या कितीतरी गोष्टी या एका फरकातून निघतात.

मिशनवर गेल्यावर मुलाचं पहिलं नाव जातं. तो ‘एल्डर’ आणि पुढे आडनाव, मुलगी असेल तर ‘सिस्टर’ आणि आडनाव. सकाळी साडेसहाच्या सुमारास उठायचं, रात्री साडेदहाला झोपायचं. सिनेमा नाही, प्रेमप्रकरण नाही. आठवड्यातून एक दिवस कपडे धुणं, बाजारहाट आणि घरी पत्र लिहिण्यासाठी, त्याला ते ‘पी-डे’ म्हणतात. पूर्वी घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मदर्स डेला. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल चालतो.

आणि एकट्याने कुठेही जायचं नाही. जोडीदार सतत नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा, झोपायची खोलीसुद्धा एकच. जोडीदार निवडायचा अधिकार कोणालाच नाही, तो मिशन अध्यक्ष, म्हणजे त्या भागातल्या मिशनरींचे प्रमुख, ठरवतात. हेही पत्नीसह तीन वर्षांसाठी घरदार सोडून आलेले असतात. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या निघतात. कोणाचा जोडीदार बदलतो, कोणाचं गाव बदलतं, कोणी जिथल्या तिथे राहतो. त्यामुळे मिशनरी महिन्यांपेक्षा बदल्यांमध्येच काळ मोजतात. नवा आला तर ‘तुझी कितवी बदली?’ असं विचारतात. दोन वर्षांत साधारण सोळा-सतरा बदल्या होतात. घरी जायची तारीखही सहसा बदलीच्या दिवसालाच जुळवलेली असते, म्हणून शेवटचे सहा आठवडे म्हणजे ‘शेवटची बदली’.

या काळाचं मिशनरींच्या बोलीत एक स्वतंत्र जग आहे आणि ते मृत्यूच्या भाषेत बोलतं. नवा मुलगा येतो तेव्हा तो ‘जन्मला’. त्याला शिकवणारा पहिला जोडीदार त्याचा ‘बाप’. मिशन संपलं की तो ‘मेला’, आणि त्याच्या शेवटच्या बदलीत जो जोडीदार असतो त्याने त्याला ‘मारला’. ‘मी आतापर्यंत तिघांना मारलंय’ हे वाक्य एखादा गोरागोमटा, देवभोळा मुलगा अगदी सहज बोलून जातो. चर्चच्या अधिकृत पुस्तकांत यातलं काही सापडणार नाही. काही ठिकाणी सहा महिने झाले की टाय जाळायचा, वर्ष झालं की शर्ट, अशीही गुपचूप प्रथा चालते. वरिष्ठांना ती आवडत नाही.

शेवटच्या बदलीत ज्या गोष्टीची सगळ्यांना धास्ती असते तिला ते ‘ट्रंकी’ होणं म्हणतात. शरीर इथे, पण मन ट्रंक भरून घरी निघालेलं. दार वाजवता वाजवता कॉलेजचा प्रवेश, मैत्रीण, आईच्या हातचं जेवण डोक्यात फिरायला लागलं की तो ट्रंकी झाला. यावर औषध एकच मानलं जातं: आणखी काम. कित्येक अध्यक्ष तर मुद्दाम शेवटच्या सहा आठवड्यांसाठी मुलाला नव्या गावात टाकतात किंवा नुकताच आलेला जोडीदार देतात. जुन्या गावात राहिला असता तर निरोपाच्या जेवणावळीतच दिवस गेले असते. नव्या गावात त्याला ओळखणारं कोणी नसतं, निमूट काम करावं लागतं.

निरोप हा प्रश्न खराच असतो. ज्या घरात दर आठवड्याला जाऊन बसलो, ज्यांची भाषा त्यांच्याच स्वयंपाकघरात शिकलो, त्या माणसांना आपण बहुधा पुन्हा भेटणार नाही हे दोन्ही बाजूंना कळत असतं. कोण कुठवर आलंय, कोणाशी काय बोलणं झालंय, कोणाला फोन करू नये, या सगळ्याच्या नोंदी मिशनरी ठेवतात. पूर्वी जाडजूड फाइल असायची, आता फोनमधलं अॅप. जाणाऱ्याने त्या पूर्ण करून ठेवायच्या, म्हणजे पुढचा येणारा तिथूनच सुरू करेल. जो माणूस दोन महिन्यांनी बाप्तिस्मा घेईल, त्याच्या बाप्तिस्म्याला मग दुसराच कोणी तिथे असतो.

नेमकी इथे एक गडबड होऊ शकते. निघायच्या आत ‘एक तरी’ बाप्तिस्मा व्हावा, ही इच्छा. आकडे पाहिले तर ती समजण्यासारखी आहे. २०२४ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख ८ हजार नवे लोक या चर्चमध्ये आले, म्हणजे एका मिशनरीमागे वर्षाला सरासरी चार. पण ही सरासरी फसवी आहे. आफ्रिका, लॅटिन अमेरिका, फिलिपिन्समध्ये आकडे मोठे, पश्चिम युरोपात मात्र दोन वर्षं राबून हातात एक किंवा शून्य, असे मिशनरी पुष्कळ. घाईचा वाईट नमुना चर्चच्याच इतिहासात आहे. १९६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये मिशनरींनी पोरांना बेसबॉलच्या संघांत घ्यायला सुरुवात केली आणि संघात यायचं तर बाप्तिस्मा घ्या, असा प्रकार झाला. कित्येक मुलांना आपण कशात सामील झालो हेही कळलं नव्हतं. पुढे त्यातली खूपशी नावं यादीतून काढावी लागली. आता बाप्तिस्म्याआधी स्वतंत्र मुलाखत होते, ती शिकवणाऱ्याने घ्यायची नसते.

शेवटचा टप्पा माणसाला कुठे नेऊ शकतो याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण मिट रॉम्नी यांचं. २०१२ मध्ये ओबामांविरुद्ध अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिलेले तेच. १९६६ मध्ये ते फ्रान्सला गेले, पहिलं गाव ल हाव्र. तेव्हा परभाषेच्या देशात तीस महिने राहावं लागे. वाइन पिणाऱ्यांच्या देशात दारू सोडा म्हणून सांगत फिरायचं, त्यात व्हिएतनाम युद्धामुळे अमेरिकन माणसावर लोक आधीच चिडलेले. (रॉम्नींना मिशनरी म्हणून लष्करभरतीतून सूट मिळाली होती, यावरून पुढे राजकारणात त्यांना टोमणेही खावे लागले.) मे १९६८ मध्ये विद्यार्थी आणि कामगारांच्या संपांनी फ्रान्स ठप्प झाला, मिशनरींना टपाल आणि पैसे मिळेनासे झाले. जूनमध्ये दक्षिण फ्रान्समध्ये रॉम्नी चालवत असलेल्या गाडीवर समोरून दुसरी गाडी आदळली. मिशन अध्यक्षांच्या पत्नी त्या अपघातात गेल्या, अध्यक्ष जखमी झाले. रॉम्नींची अवस्था पाहून पोलिसांना तेही गेले असंच वाटलं होतं.

अध्यक्ष उपचारांसाठी आणि पत्नीच्या अंत्यविधीसाठी अमेरिकेला परतले. मागे एकवीस वर्षांचे रॉम्नी आणि त्यांचा जोडीदार, आणि देशभर विखुरलेली, खचलेली मिशनरी मुलं. या दोघांनी पॅरिसमधून कारभार हातात घेतला, गावोगाव जाऊन मुलांना धीर दिला, वर्षाचं बाप्तिस्म्यांचं लक्ष्य उलट वाढवलं आणि ते गाठलंही. डिसेंबरमध्ये ते घरी परतले. अडीच वर्षांत त्यांच्या स्वतःच्या प्रयत्नाने चर्चमध्ये आलेले लोक मोजकेच होते. पण माणसं कशी चालवायची हे ते तिथे शिकले, असं त्यांच्याबद्दल लिहिणारे जवळपास सगळेच सांगतात. विमानतळावरून घरी जाताना गाडीतच त्यांनी मैत्रीण अॅनला लग्नाचं विचारलं आणि मार्च १९६९ मध्ये लग्न झालंही. ट्रंकी होते की नव्हते, हे आपण ठरवावं.

आजच्या मिशनरीचे शेवटचे दोन दिवस बऱ्यापैकी ठरलेले असतात. विमानाचं तिकीट चर्चचं प्रवास खातं काढतं. गावातून तो मिशनच्या मुख्य शहरात येतो, त्याच दिवशी परतणारे बाकीचेही तिथे जमतात. अध्यक्ष प्रत्येकाशी एकट्याने शेवटचं बोलतात: काय शिकलास, पुढे काय करणार, शिक्षण, नोकरी, लग्न. दोन वर्षांत आजचा दिवस कसा भरायचा एवढंच शिकवलेल्या मुलाला तिथे अचानक पुढच्या पाच वर्षांबद्दल विचारतात. संध्याकाळी अध्यक्षांच्या घरी जेवण. मग एकेक जण उठून आपली साक्ष देतो, म्हणजे माझा कशावर विश्वास आहे ते चार वाक्यांत सांगतो. कित्येकांना आपल्या मातृभाषेत बोलताना शब्द सापडत नाहीत आणि ती साक्ष ते स्पॅनिशमध्ये किंवा फिलिपिन्सच्या तागालोग भाषेत उरकतात. कपडे बघितले तर ओळखू येतं कोण जुना: सूटची कोपरं चकाकणारी, बुटांचे तळवे दोनदा बदललेले.

विमानातही तो मिशनरीच. बिल्ला खिशावरच, नियम तेच. उतरल्यावर घरचे फुगे आणि हाताने रंगवलेले फलक घेऊन उभे असतात. सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळाला हे दृश्य रोजचंच. या भेटीचं वजन किती, ते मार्च २०२० मध्ये दिसलं. करोनामुळे चर्चने परदेशांतून हजारो मिशनरी काही दिवसांत परत बोलावले. ना शेवटची बदली, ना निरोप. कित्येकांना एका रात्रीत बॅग भरावी लागली. २२ मार्चला फिलिपिन्सहून खास विमानांनी शेकडो जण उतरले तेव्हा गर्दी टाळा असं सांगूनही कुटुंबांनी विमानतळाच्या पार्किंगमध्ये तोबा गर्दी केली. राज्याच्या गव्हर्नरांनी जाहीर नाराजी व्यक्त केली आणि पुढच्या विमानांसाठी आईवडिलांनीच, तेही गाडीत बसून थांबायचं, असा नियम करावा लागला.

मिशन खरं संपतं ते त्यानंतर. विमानतळावरून, बहुधा त्याच संध्याकाळी, मुलगा ‘स्टेक’च्या, म्हणजे अनेक मंडळ्या मिळून झालेल्या विभागाच्या, अध्यक्षांकडे जातो. ते पाच-दहा मिनिटं बोलतात आणि सांगतात की आता तू मुक्त आहेस. तेव्हा बिल्ला काढायचा. अनेक घरांत तो आईने काढायची रीत आहे. त्यानंतर कोणी ‘एल्डर’ म्हणत नाही. रात्री तो दोन वर्षांत पहिल्यांदा खोलीत एकटा झोपतो. दुसऱ्या दिवशी दूध आणायला दुकानात निघाला की दारातच थबकून मागे वळून बघतो, जोडीदार कुठे राहिला म्हणून. परत आलेल्यांना विचारा, हा किस्सा बहुतेकांकडे असतोच.

मग एखाद्या रविवारी आपल्या मंडळीसमोर त्याचं भाषण होतं. खरा हिशोब त्याच्या आसपास सुरू होतो. ‘तुझ्या मिशनमध्ये पहिला बदलायचा माणूस तूच’ अशा अर्थाचं वाक्य मॉर्मन घरांत मुलांना नेहमी ऐकवलं जातं, आणि चर्च ते शब्दशः घेतं असं मला वाटतं. अठराव्या वर्षी मुलगा धर्मापासून सर्वात सहज दूर जाऊ शकतो. नेमकं तेव्हाच त्याला दोन वर्षं रोज, अनोळखी माणसांपुढे, परक्या भाषेत, तोच धर्म समजावून सांगायला लावलं जातं. ऐकणारे बदलतात न बदलतात, सांगणारा पक्का होतो. अर्थात प्रत्येक जण होतोच असं नाही. काही जण परतल्यावर काही वर्षांत चर्च सोडतात आणि तरी ती दोन वर्षं चांगली गेली म्हणतात.

बाकी फायदे तर उघडच आहेत. नकार पचवायची सवय आणि एखादी परकी भाषा घेऊन आलेली मुलं नोकरी देणाऱ्यांना हवीच असतात. गोल्डमन सॅक्स या अमेरिकन बँकेचं सॉल्ट लेक सिटीत मोठं कार्यालय असण्यात या मुलांचा वाटा मोठा समजला जातो. ‘डिसरप्टिव्ह इनोव्हेशन’ (साध्या, स्वस्त नव्या वस्तूने प्रस्थापित कंपन्यांना मागे टाकणं) ही कल्पना मांडणारे हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्टेन्सन १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कोरियात मिशनरी होते आणि कोरियन बोलायचे.

ज्यांच्याबद्दल कमी बोललं जातं ते म्हणजे शेवटच्या बदलीपर्यंत पोचतच नाहीत ते. कोणाला आजारपण, कोणाला नैराश्य, कोणाला सतत पापाची टोचणी लागून राहते, कोणाचा विश्वासच उडतो. असा मुलगा आठव्या किंवा चौदाव्या महिन्यात परततो तेव्हा विमानतळावर फलक नसतात आणि मंडळीतल्या लोकांना काय बोलावं कळत नाही. ‘का परत आलास?’ हे कोणी विचारलं नाही तरी त्याला ते ऐकू येतं. अलीकडच्या काही वर्षांत चर्चने अशांसाठी आणि ज्यांना प्रकृतीमुळे जाताच येत नाही त्यांच्यासाठी, घरी राहून अन्नछत्र, रुग्णालय, निर्वासितांची मदत अशी सेवा करायची सोय केली आहे. त्यांनाही बिल्ला मिळतो आणि मुदत संपली की त्यांनाही रीतसर मुक्त केलं जातं.